आधी तपासणी, मग फेरफार

१९९१च्या हिवाळ्यात हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स नावाचे एक विद्यार्थी मोडेमवरून विद्यापीठाच्या संगणकाला फोन लावायला बसले. फोन लावायचं काम त्यांनी स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम करायचा. त्या दिवशी प्रोग्रॅमला उपकरणाचं नाव देताना गफलत झाली आणि मोडेमऐवजी हार्ड डिस्कचं नाव गेलं. युनिक्सच्या घराण्यात मोडेम असो की डिस्क, प्रोग्रॅमला दोन्ही फाइलसारखेच दिसतात; लिहायला सांगाल ते निमूट लिहिलं जातं. डायल करण्याच्या आज्ञा डिस्कवरच्या मिनिक्स या संगणकप्रणालीच्या पार्टिशनवर नेमक्या नाजूक जागी उमटल्या आणि मिनिक्स गेली ती गेलीच. टोरवाल्ड्स यांनी ‘जस्ट फॉर फन’ या आत्मचरित्रात हा प्रसंग सांगितला आहे. मिनिक्स पुन्हा बसवण्याऐवजी त्यांनी स्वतःच्या अर्धवट लिनक्सवरच मुक्काम हलवला.

भरलेल्या डिस्कवर काही बदल करायचा, तर आधी काय तपासायचं, कुठे थांबायचं आणि चुकलंच तर मागे कसं यायचं, याची उत्तरं तेव्हा लिनक्सकडे नव्हती. ती पुढच्या तीस वर्षांत एकेक करून सापडली, आणि त्यातली बरीचशी कोणाची तरी डिस्क मोडल्यावरच सापडली.

फाइल सिस्टिम म्हणजे डिस्कचं तलाठी दफ्तर. जमीन जागच्या जागी असते. ती कोणाची, किती आणि कुठून कुठवर, हे दफ्तरातल्या नोंदीच सांगतात. डिस्कवरची खरी माहिती ब्लॉकांमध्ये पडलेली असते. कोणते ब्लॉक कोणत्या फाइलचे, हे आयनोड नावाची नोंद सांगते. फाइलचं नाव आयनोडात नसतं. ते डिरेक्टरीत आयनोडच्या क्रमांकासमोर लिहिलेलं असतं. कोणते ब्लॉक मोकळे आहेत याचा नकाशा आणखी तिसरीकडे. दोन ओळींची नवी फाइल लिहिली तरी या सगळ्याच ठिकाणी खाडाखोड होते, आणि ती एका क्षणात होत नाही. मध्येच वीज गेली की एक नोंद नवी, दुसरी जुनी राहते. एकच ब्लॉक दोन फाइलींच्या नावावर लागू शकतो, किंवा वापरात असलेला ब्लॉक नकाशात मोकळा दिसू शकतो. दुसरा प्रकार अधिक वाईट, कारण त्या ‘मोकळ्या’ जागेवर उद्या कोणीतरी दुसरं काही लिहिणार असतं.

बेल लॅब्जमध्ये १९६९पासून घडत गेलेल्या युनिक्सकडे यासाठी सुरुवातीला सुटी सुटी अवजारं होती. ‘आयचेक’ ब्लॉकांचा हिशोब लावायचं. ‘डीचेक’ डिरेक्टरींमधल्या नोंदी मोजून आयनोडांशी ताडून पाहायचं. ‘एनचेक’ आयनोड क्रमांकावरून नाव शोधायचं, आणि ‘सीएलआरआय’ सांगितलेला आयनोड सरळ पुसून टाकायचं. कोणतं कधी चालवायचं आणि काय पुसायचं, हा निर्णय यंत्रासमोर बसलेल्या माणसाचा. त्याला फाइल सिस्टिमची रचना तोंडपाठ नसेल तर दुरुस्तीनेच अधिक नुकसान व्हायचं.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात टेड कोवाल्स्की यांनी ही कामं एका प्रोग्रॅममध्ये आणली. तोच ‘एफएससीके’. पुढे बर्कलीत मार्शल कर्क मॅकक्युसिक यांनी तो आपल्या नव्या वेगवान फाइल सिस्टिमसाठी नव्याने घडवला आणि दोघांच्या नावावरचा त्याविषयीचा लेख युनिक्सच्या जगात प्रमाण ठरला. त्या प्रोग्रॅमला दोन सवयी होत्या, ज्या आजही टिकून आहेत. पहिली, प्रत्येक दुरुस्तीआधी विचारायचं: हे पुसू का? ते जोडू का? दुसरी, ज्या फाइलचं नाव हरवलं आहे पण आयनोड शाबूत आहे, ती फेकून न देता ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाच्या डिरेक्टरीत तिच्या क्रमांकाने ठेवायची. मालक नंतर येऊन ओळखेल.

लिनक्सने हा वारसा घेतला, पण आधी त्याला स्वतःची फाइल सिस्टिम हवी होती. मिनिक्सच्या रचनेत फाइल सिस्टिम ६४ मेगाबाइटांपुढे जात नसे आणि फाइलचं नाव १४ अक्षरांत बसवावं लागे. एप्रिल १९९२मध्ये पॅरिसचे रेमी कार्ड यांनी ‘एक्स्ट’ आणली. मर्यादा २ गिगाबाइट झाली, नावं २५५ अक्षरांपर्यंत गेली. पण मोकळ्या जागेची यादी वापरागणिक विस्कटत जाई आणि डिस्क मंदावे. जानेवारी १९९३मध्ये एक्स्ट-२ची पहिली कच्ची आवृत्ती आली. कार्ड यांच्यासोबत थिओडोर त्सो आणि स्टीफन ट्वीडी ही दोन नावं तेव्हापासून या कामाशी जोडली गेली.

एक्स्ट-२ची रचना करतानाच बिघाडाचा विचार झालेला दिसतो. फाइल सिस्टिमच्या सुरुवातीपासून १०२४ बाइट सोडले की सुपरब्लॉक लागतो. एकूण आकार, ब्लॉकचा आकार, आयनोडांची संख्या आणि शेवटच्या वेळी डिस्क नीट बंद केली होती का, हे सगळं त्यात असतं. त्याच्या ५६व्या बाइटापासून दोन ठरलेले बाइट असतात, ५३ आणि ईएफ. डिस्क उघडणारा कोणताही प्रोग्रॅम आधी ते पाहतो. ते नसतील तर ही एक्स्ट घराण्यातली डिस्कच नव्हे. हा एक सुपरब्लॉक गेला तर सगळंच जाईल, म्हणून बर्कलीच्या धर्तीवर त्याच्या नकला डिस्कभर ठेवल्या जातात. ४ किलोबाइटांचे ब्लॉक असतील तर पहिली नक्कल ३२,७६८व्या ब्लॉकवर, म्हणजे सुरुवातीपासून १२८ मेगाबाइटांवर सापडते. नंतर जागा वाचवण्यासाठी त्या नकला मोजक्या गटांत ठेवायचं ठरलं: १ला गट आणि ३, ५ व ७ यांच्या घातांइतके क्रमांक असलेले गट. सुरुवातीचा सुपरब्लॉक उडालेल्या कितीतरी डिस्का ‘३२७६८’ हा एक आकडा ठाऊक असणाऱ्यांनी परत आणल्या आहेत.

या डिस्का तपासणारा ‘ई-२-एफएससीके’ सुरुवातीला टोरवाल्ड्स यांच्या मिनिक्स-तपासणीसाच्या आधारावर उभा होता. त्सो यांनी तो पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिला. सोबत एक समाईक लायब्ररी तयार केली आणि डिस्क बनवणारं, तपासणारं, बदलणारं असं प्रत्येक अवजार तिच्यातूनच डिस्कला हात लावेल अशी व्यवस्था केली. डिस्कची रचना एकाच ठिकाणी लिहिलेली असली की दोन अवजारांचे दोन समज होत नाहीत.

तपासणी पाच फेऱ्यांत होते. पहिल्या फेरीत प्रत्येक आयनोड वाचला जातो आणि कोणता ब्लॉक कोणी घेतला याचा ताजा नकाशा स्मरणात तयार होतो. सर्वांत जास्त वेळ याच फेरीला लागतो. दुसऱ्या फेरीत डिरेक्टरींमधल्या नोंदी तपासल्या जातात: नोंदीची लांबी बरोबर आहे का, तिने दाखवलेला आयनोड खरोखर वापरात आहे का, नावात तिरकी रेघ किंवा शून्य बाइट घुसला आहे का. यापलीकडे नाव कोणत्या लिपीत आहे याच्याशी तिला देणंघेणं नसतं. म्हणूनच मराठी नावं एक्स्ट-२वर कोणताही बदल न करता चालतात. फक्त २५५ची मर्यादा अक्षरांची नसून बाइटांची आहे, आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ पद्धतीत ३ बाइट घेतं. मराठी फाइलच्या नावाला त्यामुळे ८५ चिन्हंच मिळतात, आणि त्यात एकटा ‘क्ष’ तीन चिन्हं खातो. तिसरी फेरी प्रत्येक डिरेक्टरी मुळापर्यंत पोहोचते का ते पाहते, चौथी एका फाइलला किती नावं आहेत ते मोजते, आणि पाचवी पहिल्या फेरीचा ताजा नकाशा डिस्कवरच्या नकाशाशी ताडून पाहते.

हे सगळं डिस्क वापरात नसताना करायचं. चालू डिस्कवर ई-२-एफएससीके लावला तर मोठ्या अक्षरांत आणि तीन उद्गारचिन्हांसह इशारा येतो की पुढे गेलात तर डिस्कचं गंभीर नुकसान होणारच. संगणक सुरू होताना जी आपोआप तपासणी होते, तिलाही मर्यादित अधिकार आहेत. निर्धोक दुरुस्त्या ती न विचारता करते. शंका आली की थांबते आणि माणसाला बोलावते.

या अवजारांचा इतिहास पाहताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. ती विश्वासार्ह झाली ती अधिक हुशार झाल्यामुळे कमी, आणि ‘नाही’ म्हणायला शिकल्यामुळे जास्त.

याचं सर्वांत नेटकं उदाहरण सुपरब्लॉकमध्येच आहे. एक्स्ट-२मध्ये नवी सोय घातली की तिची खूण तीनपैकी एका रकान्यात होते. पहिल्या रकान्यातली सोय जुन्या कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, माहीत नसली तरी बिघडत नाही. त्याने डिस्क खुशाल वापरावी. दुसऱ्या रकान्यातली अनोळखी सोय दिसली तर डिस्क फक्त वाचावी, लिहू नये. तिसऱ्या रकान्यात अनोळखी काही असेल तर डिस्कला हातच लावू नये. तपासणीसाला मात्र याहून कडक नियम आहे. पहिल्या, निरुपद्रवी रकान्यातली सोय जरी त्याला अनोळखी असली तरी त्याने काम सुरूच करायचं नाही. त्यामागचं कारण उघड आहे: वापरणारा अज्ञानातून फारतर एखादी सोय गमावतो, पण दुरुस्ती करणारा अज्ञानातून चांगली नोंद ‘चूक’ समजून पुसून टाकतो.

तपासणीस बरोबर आहे हे कसं कळायचं? त्सो यांच्या ‘ई-२-एफएसप्रॉग्ज’ या संचात यासाठी एक डिरेक्टरी आहे आणि तिच्यात शेकडो बिघडवलेल्या छोट्या डिस्का दाबून ठेवलेल्या आहेत. एकीत दोन फाइली एकाच ब्लॉकवर दावा सांगतात. दुसरीत ‘लॉस्ट अँड फाउंड’च गायब आहे. तिसरीत खराब ब्लॉकांची यादीच खराब आहे. प्रत्येक डिस्कसोबत दोन मजकूर असतात: पहिल्या तपासणीत काय दिसायला हवं आणि दुसऱ्या तपासणीत काय दिसायला हवं. पहिल्या तपासणीअखेर बहुधा १ हा निकाल यायला हवा, म्हणजे चुका होत्या आणि त्या दुरुस्त केल्या. लगेच दुसऱ्यांदा चालवल्यावर ० यायला हवा, म्हणजे आता काही उरलं नाही. ही दुसरी तपासणी महत्त्वाची. एकदा दुरुस्त केलेल्या डिस्कमध्ये पुन्हा चूक सापडली, तर पहिली दुरुस्ती अर्धवट होती किंवा तिनेच नवा घोटाळा केला. संचातली एक ओळ बदलली तरी ही सगळी पलटण पुन्हा चालवता येते, आणि अपेक्षित मजकुरात एका शब्दाचा फरक पडला तरी चाचणी नापास होते.

यातल्या काही डिस्का ‘डिबगएफएस’ या अवजाराने मुद्दाम मोडलेल्या असतात. एखाद्या आयनोडमधला एक आकडा हाताने बदलायचा आणि काय होतं ते पाहायचं. खऱ्या अपघातांसाठी ‘ई-२-इमेज’ नावाचं अवजार आलं. ते डिस्कवरच्या फक्त नोंदी उतरवून घेतं, फाइलींमधला मजकूर घेत नाही. फाइलींची नावंही उघड करायची नसतील तर ती विस्कटून टाकायची सोय त्यात आहे. कित्येक गिगाबाइटांच्या डिस्कचा सांगाडा त्यामुळे ईमेलने पाठवता येण्याइतका लहान होतो, आणि ज्याची डिस्क मोडली त्याची खासगी माहितीही बाहेर जात नाही.

दुरुस्तीपेक्षा अवघड काम आकार बदलण्याचं. नव्वदच्या दशकात लिनक्स घालून पाहायची इच्छा असलेल्या माणसाच्या संगणकात आधीच विंडोज असायची आणि तिने सगळी डिस्क व्यापलेली असायची. ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाबरोबर मिळालेली लिनक्सची सीडी हाती घेतलेल्या भारतातल्या पुष्कळांची पहिली गाठ याच अडचणीशी पडली. त्यावर तोड होती ‘फिप्स’. जर्मनीतले आर्नो शेफर यांनी १९९३मध्ये लिहिलेला हा छोटा डॉस प्रोग्रॅम लिनक्सच्या सीड्यांवर दिलेला असायचा. फिप्स माहिती हलवायच्या भानगडीत पडत नसे. आधी तुम्ही डीफ्रॅग करून सगळ्या फाइली डिस्कच्या सुरुवातीकडे आणायच्या; मग फिप्स डिस्कचं शेपूट खरोखर रिकामं आहे का ते तपासणार आणि पार्टिशन तिथून तोडणार. लिहिण्याआधी जुने बूट व रूट सेक्टर फ्लॉपीवर उतरवून ठेवायचे, आणि फसलं तर त्याच फ्लॉपीवरून ‘रिस्टोरआरबी’ चालवून होतं तसं करायचं. कमीत कमी बदल आणि मागे यायची वाट, हे दोन्ही धडे फिप्समध्ये पुरेपूर होते.

लिनक्सच्या स्वतःच्या डिस्कचा आकार बदलणं याने सुटणारं नव्हतं. अमेरिकेतली पॉवरक्वेस्ट ही कंपनी ‘पार्टिशनमॅजिक’ विकत असे आणि तिला त्यात एक्स्ट-२ची सोय हवी होती. त्सो यांनी त्यासाठी लिहिलेल्या ‘रिसाइज-२-एफएस’च्या मूळ फाइलींवर १९९७-९८ सालचा त्यांचा आणि पॉवरक्वेस्टचा संयुक्त हक्क नोंदलेला आहे. पुढे हे अवजार खुलं झालं आणि ई-२-एफएसप्रॉग्जबरोबर सगळ्यांना मिळू लागलं.

डिस्क मोठी करणं तुलनेने सोपं: शेवटी नवे गट जोडायचे. लहान करताना काय होतं ते पाहण्यासारखं आहे. कापल्या जाणाऱ्या भागातले सगळे ब्लॉक आधी आत हलवावे लागतात आणि ज्या आयनोडांचे ते ब्लॉक, त्यांतले पत्ते बदलावे लागतात. इथवर ठीक. पण आयनोडही प्रत्येक गटात ठरावीक संख्येने असतात. गट गेला की त्यातले आयनोड गेले. ते दुसऱ्या गटात हलवले की त्यांचे क्रमांक बदलतात. मग डिस्कवरच्या प्रत्येक डिरेक्टरीतून फिरून जिथे जुना क्रमांक असेल तिथे नवा घालावा लागतो. हे अर्ध्यावर थांबलं तर डिस्क ना धड जुनी, ना धड नवी. म्हणून काम सुरू करतानाच रिसाइज-२-एफएस सुपरब्लॉकवर ‘चूक आहे’ अशी खूण करून ठेवतं आणि सगळं पार पडल्यावरच ती काढतं. मध्ये वीज गेली तर पुढच्या वेळी ती खूण सक्तीची तपासणी करायला लावते. शिवाय पूर्ण तपासणी नुकतीच झालेली नसेल तर हे अवजार कामच सुरू करत नाही. आधी ई-२-एफएससीके चालवून या, असं सांगून बाहेर पडतं. ही अट जाचक वाटते. पण नकाशात चुकून मोकळा दिसणारा एक ब्लॉक जरी असेल, तर हलवाहलवीत त्यावर दुसऱ्याची माहिती लिहिली जाणार, हे लक्षात घेतलं की ती रास्त ठरते.

१९९९मध्ये अँड्र्यू क्लॉसेन आणि लेनर्ट बॉयटेनहेक यांनी ‘जीएनयू पार्टेड’ सुरू केलं. पार्टिशन आणि फाइल सिस्टिम दोन्ही एका आज्ञेत बदलायची, ही त्याची मोठी आकर्षणाची बाब. पण फाइल सिस्टिमी दरवर्षी बदलत होत्या आणि प्रत्येकीची अद्ययावत जाण एका बाहेरच्या अवजाराने ठेवणं जमेना. २०११मध्ये आलेल्या पार्टेड ३.०मधून फाइल सिस्टिमचा आकार बदलण्याचं काम काढूनच टाकलं गेलं. वापरणाऱ्यांची ओरड झाली, आणि पुढच्या आवृत्तीत फॅट व एचएफएस-प्लसपुरती ती सोय लायब्ररीच्या रूपात परत आली. ‘जीपार्टेड’ या चित्ररूप अवजाराने मात्र आधीपासून दुसरा मार्ग धरला होता. एक्स्टचं काम रिसाइज-२-एफएसला, एनटीएफएसचं ‘एनटीएफएसरिसाइज’ला, ज्याचं काम त्याच्याकडे द्यायचं आणि आपण फक्त क्रम सांभाळायचा. लहान करताना आधी फाइल सिस्टिम, मग पार्टिशन. मोठं करताना आधी पार्टिशन, मग फाइल सिस्टिम. हा क्रम उलटला की डिस्कचं शेपूट पार्टिशनबाहेर पडतं.

डिस्क मोठ्या झाल्या तशी पाच फेऱ्यांची तपासणी तासांवर गेली. ट्वीडी यांनी १९९८मध्ये एक्स्ट-२ला जर्नल जोडण्याचा आराखडा मांडला: बदल आधी एका वहीत लिहायचा, मग मूळ जागी. वीज गेली तर वही वाचून बदल पुरा करायचा. हीच एक्स्ट-३. तिची खुबी अशी की जुनी डिस्क पुसावी लागत नव्हती. ‘ट्यून-२-एफएस’ची एक आज्ञा दिली की चालू डिस्कवरच जर्नलची फाइल तयार व्हायची आणि एक्स्ट-२ची एक्स्ट-३ व्हायची.

नोव्हेंबर २००१मध्ये एक्स्ट-३ लिनक्सच्या २.४.१५ या कर्नलमध्ये आली, आणि योगायोग असा की त्याच कर्नलमध्ये डिस्क बंद करताना ती बिघडवणारी एक वेगळीच चूक होती. एक्स्ट-३चा तिच्याशी संबंध नव्हता. तीनच दिवसांत २.४.१६ काढावा लागला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला आलेल्या रायझर-एफएस या फाइल सिस्टिमने वेगळा धडा दिला. तिचा तपासणीस नोंदींची सगळी झाडरचना नव्याने बांधताना डिस्क धुंडाळून आपल्या घडणीचे ब्लॉक गोळा करायचा. कोणी त्या डिस्कवर दुसऱ्या रायझर-एफएस डिस्कची प्रतिमा फाइल म्हणून ठेवली असेल, तर तिचे ब्लॉकही तो आपलेच समजून झाडात गुंफायचा.

चुका फक्त दुरुस्तीच्या अवजारांत नव्हत्या. कर्नलमधला फाइल सिस्टिमचा कोडही तितकाच तपासायला हवा होता. नेक्स्ट कंपनीत १९९१मध्ये अवाडिस टेव्हेनियन यांनी लिहिलेलं ‘एफएसएक्स’ इथे कामी आलं. एकाच फाइलवर ते यादृच्छिक क्रमाने लिहितं, वाचतं, तिला कापतं, वाढवतं, आणि प्रत्येक पावलाला ती फाइल स्मरणातल्या खऱ्या प्रतीशी जुळते का ते बघतं. एका बाइटाचा फरक पडला की थांबतं आणि तोवर केलेल्या सगळ्या कृतींची यादी छापतं. सुरुवातीचा बीजांक तोच दिला की तोच क्रम पुन्हा घडतो, त्यामुळे ‘माझ्याकडे तर चालतं’ असं कोणाला म्हणता येत नाही. सिलिकॉन ग्राफिक्सने आपल्या एक्सएफएस या फाइल सिस्टिमसाठी रचलेल्या ‘एक्सएफएसटेस्ट्स’ने हे आणि असे अनेक प्रयोग एकत्र आणले. नाव एक्सएफएसचं असलं तरी आज एक्स्ट-४ आणि बीटीआरएफएस या नंतरच्या फाइल सिस्टिमींचे विकासकही आपला बदल पाठवण्याआधी हाच संच चालवतात.

जून २००६मध्ये एक्स्ट-३त नव्या मोठ्या सोयी घालाव्यात का, यावर वाद झाला. लाखो लोक जिच्यावर अवलंबून आहेत तिला हात लावू नये, असं ठरलं आणि वेगळी शाखा निघाली. तिचं नाव मुद्दाम ‘एक्स्ट-४-डेव्ह’ ठेवलं. काही काळ तर अशी सोय होती की मालकाने सुपरब्लॉकवर ‘ही डिस्क प्रयोगासाठी चालेल’ अशी खूण स्वतः केल्याशिवाय नवा कोड ती डिस्क उघडायचाच नाही. डिसेंबर २००८मध्ये, २.६.२८ या कर्नलबरोबर ‘डेव्ह’ हे शेपूट गळलं.

दरम्यान विद्यापीठांनीही या कोडला धारेवर धरलं. २००४मध्ये स्टॅनफर्डच्या जुनफेंग यांग व सहकाऱ्यांनी मॉडेल चेकिंगच्या, म्हणजे शक्य त्या स्थिती यंत्राकडूनच तपासून घेण्याच्या, पद्धतीने एक्स्ट-३, जेएफएस आणि रायझर-एफएसमध्ये ३२ गंभीर चुका दाखवल्या. पुढच्याच वर्षी विस्कॉन्सिनच्या विजयन प्रभाकरन यांच्या गटाने डिस्कच्या खालून मुद्दाम चुका सोडल्या आणि पाहिलं, तर एक्स्ट-३ लिहिण्यात आलेल्या चुकांकडे कितीदा तरी सरळ दुर्लक्ष करत होती. २०१८मध्ये ओम रामेश्वर गटला आणि माई झेंग यांच्या गटाने तपासणीसांनाच तपासायला घेतलं. ई-२-एफएससीके चालू असतानाच वीज गेली तर? निष्कर्ष अस्वस्थ करणारा होता: काही डिस्का अशा मोडल्या की तपासणी पुन्हा चालवूनही दुरुस्त झाल्या नाहीत. त्याच वर्षी टेक्सासच्या जयश्री मोहन आणि विजय चिदंबरम यांच्या ‘क्रॅशमंकी’ने ऐन कामात यंत्र बंद पडल्याचं नाटक पद्धतशीरपणे घडवून प्रचलित लिनक्स फाइल सिस्टिमींमध्ये १० नव्या चुका काढल्या. त्यांतल्या सात चुका २०१४पासून तशाच पडून होत्या.

त्याआधी, २०१६मध्ये, ओरॅकलमधले वेगार्ड नॉसम आणि क्वेंतिन कासास्नोव्हास यांनी डिस्कची प्रतिमा घेऊन तिचे बाइट हजारो तऱ्हांनी वेडेवाकडे बदलायचे आणि कर्नल कोसळतो का ते पाहायचं, असा सपाटा लावला होता. पहिली चूक सापडायला बीटीआरएफएसमध्ये ५ सेकंद लागले, एक्स्ट-४मध्ये २ तास. या फरकामागे एक्स्ट घराण्याचं वय आणि त्या मोडक्या डिस्कांच्या संग्रहाची शिस्त, दोन्हींचा वाटा धरायला हवा.

मागे यायची वाटही हळूहळू रुंद झाली. २००८मध्ये आलेलं बीटीआरएफएसचं रूपांतर-अवजार एक्स्ट-३ची डिस्क जागेवरच बदलून देतं, पण जुन्या नोंदी पुसत नाही. मूळ डिस्क जशीच्या तशी एका वेगळ्या कप्प्यात राहते आणि मन बदललं तर परत फिरता येतं. ई-२-एफएसप्रॉग्जमध्ये आयबीएमचे अनीश कुमार यांनी ‘अन-डू’ची सोय आणली: कोणत्याही ब्लॉकवर लिहिण्याआधी त्याचा जुना मजकूर एका फाइलमध्ये उतरवायचा. सुरुवातीला ती मोजक्या अवजारांत होती, २०१६च्या १.४३ आवृत्तीपासून तपासणी आणि आकारबदल यांनाही ती मिळाली. एक्सएफएसची तऱ्हा निराळी. तिचा ‘एफएससीके’ काहीही करत नाही, आणि ते काहीही न करणं यशस्वीपणे पार पाडतो, असं त्याची माहितीपुस्तिकाच सांगते. खरी दुरुस्ती ‘एक्सएफएस-रिपेअर’ या वेगळ्या अवजाराकडे असते. डॅरिक वाँग यांच्या अनेक वर्षांच्या कामातून चालू डिस्कवरच तपासणी आणि दुरुस्ती करायची सोयही आता एक्सएफएसमध्ये आली आहे, २०२४च्या ६.१० या कर्नलपर्यंत ती बव्हंशी पूर्ण झाली. एक्सएफएस लहान करायची सोय मात्र जवळजवळ नाहीच.

एवढं सगळं असूनही अपघात संपलेले नाहीत. डिसेंबर २०२३मध्ये एक्स्ट-४संबंधीचा एक बदल जुन्या ६.१ कर्नलमध्ये नेताना त्याला लागणारा दुसरा बदल मागे राहिला आणि माहिती बिघडू लागली. डेबियनने १२.३ ही आवृत्ती ऐनवेळी रोखली आणि दुसऱ्या दिवशी थेट १२.४ काढली. दोन्ही बदल आपापल्या जागी बरोबर होते. फक्त एकच नेला गेला, तिथे घात झाला.

म्हणून डिस्कचा आकार बदलायला बसणाऱ्याने आधी बॅकअप घ्यावा, मग सक्तीची तपासणी करावी, आणि जमलं तर हाच प्रयोग आधी रिकाम्या प्रतिमा-फाइलवर करून पाहावा. आणि इतकं करूनही डिस्क मोडलीच, तर घाईने दुरुस्तीची आज्ञा देऊ नये. आधी ई-२-इमेजने तिचा सांगाडा उतरवून ठेवावा आणि तो ई-२-एफएसप्रॉग्ज सांभाळणाऱ्यांना पाठवावा. दुरुस्ती झाल्यावर तो पुरावा उरत नाही, आणि तपासणीसाला जे बिघाड आज ओळखता येत नाहीत ते त्याला अशाच सांगाड्यांवरून शिकवता येतात.